आत्याचा ॲम्प्लिफायर

आत्याला राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या घाटकोपरच्या चाळीत सगळे म्हणत. साफ खोटं! कारण नेहमी असायचं, फक्त ते इतरांना दिसत नसे. रेडिओ खरखरला म्हणून कुणी त्याला वरून थापटलं, की ती कडाडायची, “अगो, ताप आलेल्या पोराक मारतंस काय?”

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. अंधेरीच्या एका कारखान्यात ती दिवसभर सोल्डरिंग करायची, त्यामुळे तिच्या साडीला कायम राळेचा वास यायचा. घरोघर टेपरेकॉर्डर येऊ लागले होते, तेव्हा हिने भंगारवाल्याच्या हातगाडीवरून वाल्व्हचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर उचलून आणला. “छान, तांदूळ ठेवू त्यात,” बाबा म्हणाले. चाळीत आठवडाभर तेच हसणं चाललं होतं.

त्याची उजवी बाजू खणखणीत, डावी मुकी. आत्याने आधी दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. आता दुसरा स्पीकर मुका झाला, म्हणजे दोष आतला. मग स्पीकरपासून सुरुवात करून ती एकेका सांध्याला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावत मागे मागे जायची. ‘खट्’ आवाज आला की इथपर्यंत ठीक. डावा हात कमरेला पदरात खोचलेला. “दोन्ही हात आत घातलेस तर करंट छातीतून जातो,” ती मला बजावायची. आवाज जिथे थांबला तिथे एक कंडेन्सर फुगलेला निघाला. तो बदलला आणि डाव्या बाजूने तबला वाजू लागला, तेव्हा आत्या रडली. रडता रडताही त्या खोक्यावरच डाफरली, “इतके दिवस बोलला का नाहीस, मेल्या!”

पुढे मालाडची मंडळी तिला बघायला आली. बाबांनी ऐटीत तो ॲम्प्लिफायर चालू करून रेकॉर्ड लावली. मुलाच्या काकांनी विचारलं, “वा! इतका जुना, दुरुस्त कुणी केला?”

“मीच. जरा आवड आहे,” बाबा म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, “दादा, मग काय बिघडलं होतं तेही सांग ना.” बाबांना ठसका लागला. पाहुणे थट्टा समजून हसले, लग्नही ठरलं. नंतर आजीने आत्यालाच झापलं, चारचौघांत भावाचा पाणउतारा केला म्हणून. भावाच्या थापेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

लग्नात तिने एकच गोष्ट मागितली. “दागिने नकोत, हा ॲम्प्लिफायर मला द्या.” बाबा म्हणाले, “घरची वस्तू आहे ती. सासरी काय दुकान टाकणार आहेस?” झालं! तिच्या हाताने जिवंत झालेली वस्तू घरची, आणि ती स्वतः परक्याची. निघताना तिने एवढंच सांगितलं, “फ्यूज उडाला तर मला बोलवा. आत काहीतरी जळतंय, हे सांगायला तो उडतो.”

बाबा कशाला बोलावतात! फ्यूज उडाला, तशी त्यांनी सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची चमकी त्याला गुंडाळून दिली. दोन दिवस गाणी वाजली. मग घरभर जळका वास सुटला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. आईने त्यावर विणलेला रुमाल घालून प्लास्टिकची फुलं ठेवली.

भाऊबीजेला आत्या आली. फुलं बाजूला करून तिने मागचं झाकण उघडलं. ती काळी पडलेली चमकी तिने बोटात धरली, आणि मी वाट बघू लागले. आता बाबांची धडगत नाही! होऊन जाऊ दे एकदाचं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आत्याने झाकण लावलं. रुमाल सारखा केला, फुलं जागच्या जागी ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “दादा, बसतोस ना? ओवाळून घेते. ह्यांना उशीर झालेला चालत नाही.”

बाबांवरचा माझा राग यथावकाश निवला. त्या दिवशी आत्याला राग आला नाही, त्याचा मात्र मला अजून येतो.