पहिल्या चिकाचा मान

आमच्या गावाच्या वेशीवर एक फ्लेक्स आहे. त्यावर हात जोडलेले आमचे पुढारी आणि त्यांच्या मागे हिरव्यागार डोंगरउतारावर चरणारी एक गुबगुबीत गाय. डोंगराच्या टोकाला बर्फ. सिरसाळ्याच्या पट्ट्यात बर्फ कधी पडला होता, हे कुणी विचारलं नाही. खाली मोठ्या अक्षरांत 'गोमाता वाचवा'. कुणापासून, ते लिहिलेलं नाही. मी सांगते. आमच्यापासून.

तेव्हा मी एसटीनं जाऊन-येऊन अंबाजोगाईला शिकत होते आणि सुट्टी असली की बाजारात दुधाच्या भावाची पत्रकं वाटत होते. 'दूध उत्पादकांनो, जागे व्हा!' हे पत्रकाचं पहिलं वाक्य माझंच. आता लाज वाटते. दूध उत्पादक पहाटे चारला जागेच असतात. झोपलेली मी होते.

आमच्या घरी दूध उत्पादक म्हणजे माझी वैनी. गोठ्यात बैलजोडीशेजारी एक संकरित तांबडी गाय, तिसऱ्या वेताला आलेली. दरसाल दिवाळी झाली की दादा आणि वैनी ऊस तोडायला जायचे. तोडणीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तसा आमच्या घरचा एक कोयता. त्या वर्षी वैनीनं आईला सरळ सांगितलं, "आत्या, औंदा गाय दुधावर टिकली आन् पुन्हा गाभण ऱ्हायली, तर म्या फडावर जाणार न्हाई." आई "बघू" म्हणाली. आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', पण वैनीनं ते 'हो' धरलं आणि गाईच्या मागं लागली.

गाय व्यायला दोन महिने होते. दूध आटवलेलं. आता तिला नीट खायला घालायचे दिवस, तर आईनं सरकीची पेंड बंद केली आणि नुसता कडबा टाकायला लावला. कारण ठरलेलं, "लई खाल्लं की वासरू मोठं व्हतं, मग गाय अडती." हेच तिनं वैनीला दोन्ही बाळंतपणांत सांगितलं होतं. वैनी अडली नव्हती, फक्त तिचे दात हलायला लागले होते. ते कुणी मोजलं नाही. वैनी पदराआड लपवून गाईला मूठमूठ पेंड घालायची. आपल्याच गोठ्यात, आपल्याच गाईला, चोरून!

पोळा आला. बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झूल, तोंडात पुरणपोळी. वर्षभर औत ओढलं म्हणून त्यांचा मान. हे मला मान्य आहे. पण शेजारच्या खुंट्याला पोटात पूर्ण वासरू घेऊन उभी असलेली गाय तो सगळा थाट बघत कडबा चघळत होती. पोळी तिच्यापर्यंत पोचली नाही. माता ना ती. मातेला भूक नसते.

पोळ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ती व्याली. कालवड झाली. वैनीनं कालवडीचं नाक पुसलं, तोच आई चरवी घेऊन हजर.

आमच्या गावची रीत अशी, की पहिल्या दिवशी सडात चीक ठेवायचा नाही, शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढायचा. पहिली चरवी पुढाऱ्यांच्या बंगल्यावर, दुसरी मारुतीच्या पुजाऱ्याकडे, मग भावकी. सगळ्यांच्या घरी खरवस शिजला की उरलेलं कालवडीला. जिच्यासाठी चीक आला, तिचा नंबर शेवटी.

वैनी म्हणाली, "आत्या, थोडा ऱ्हाऊ द्या की."

"सडात ऱ्हायला तर नासतो. काढ समदा."

आणि ती पहिली चरवी बंगल्यावर कुणी नेली? मी नेली. शोषणाविरुद्ध पत्रकं छापणारी मी, चरवीवर फडकं बांधून, पायातल्या चपला दारात काढून गेले. कारण साधं होतं. पुढच्या आठवड्यातल्या आमच्या दूधदराच्या सभेला पुढाऱ्यांचा लाऊडस्पीकर हवा होता.

पुढारी सोफ्यावर बसले होते. "तुमची पत्रकं लई भारी असत्यात, पोरी. वाचतो बरं का म्या."

वाचत असावेत. कारण संध्याकाळी मी लाऊडस्पीकरचं नक्की करायला पुन्हा गेले, तर खरवसाची ताटली माझ्याच पत्रकावर ठेवलेली होती. टेबलाला डाग पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाय बसली ती उठेना. मान वळवून पोटाशी ठेवलेली, कान बर्फासारखे गार. तेवढा बर्फ मात्र आमच्या गावात खरंच आला. वैनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वैनीच्या तोंडाकडे बघून मला कळलं की गाईबरोबर आणखी काहीतरी खाली बसलंय.

गाव जमलं. गाव जमलं की निदान फुकट.

"नजर लागली बे, नजर. कासच केवढी हाय बघ."

"पान लागलंय. साप हाय ह्या बांधाला."

"शेपूट पिळा, उठंल."

एकानं खरंच शेपूट पिळलं. दुसऱ्यानं नाकाला कांदा लावला. आईनं लिंबू उतरवलं. पत्रकं असलेली पिशवी खांद्याला लावून मी उभी. त्या पिशवीत दुधाच्या भावावर चार पानं होती आणि दूध देणारीवर एक ओळ नव्हती.

दादा मोटारसायकलवर सिरसाळ्याहून जनावरांचे डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरांनी कान चाचपले आणि पहिला प्रश्न विचारला, "चीक किती काढला?"

"समदा," आई अभिमानानं म्हणाली.

त्यांनी कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरली, मानेच्या शिरेला सुई लावली आणि थेंबथेंब सोडत, दुसऱ्या हाताने छातीचे ठोके बघत बसले. बाटली संपत आली तशी गाय थरथरली, एक मोठी ढेकर दिली, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. मागून आवाज आला, "लिंबू लागू पडलं."

डॉक्टर हात धुताना सांगत होते, "चिकात कॅल्शियम लई असतं. हाडातलं काढून रक्तात आणायला गाईला एकदोन दिवस लागत्यात. तुमी तिच्या रक्तातलं एका दिवसात पिळून घेतलं, मग पायात ताकद कुठून ऱ्हाईल? पहिले दोनतीन दिवस निम्मीच धार काढायची. वासराला पाजून जे ऱ्हाईल ते सडात ऱ्हाऊ द्या."

"मग गावात वाटायचं काय?" आईनं विचारलं.

"पेढे वाटा."

गाय वाचली, पण खाईना. दूध मात्र देत राहिली, अंगावरचं जाळून. महिन्याभरात बरगड्या मोजता येऊ लागल्या, तोंडाला कुजल्या फळासारखा गोडसर वास यायला लागला. डॉक्टर पुन्हा आले, गुळासारखं गोड औषध पाजून गेले. दिवाळी तोंडावर आली तरी गाय माजावर यायचं नाव नाही. दूध चहापुरतं उरलं. आणि गावानं दुसरं निदान केलं : गाय वांझ निघाली.

हा शब्द आमच्याकडे किती पटकन तोंडात येतो! व्यायच्या आधी दोन महिने उपाशी ठेवायचं, व्याल्यावर पिळून घ्यायचं, आणि तिच्या अंगानं आधी स्वतः जगायचं ठरवलं की ती वांझ.

ऊसतोडीचा मुकादम आला, दोघांची नावं लिहून गेला. दिवाळीनंतर ट्रकमध्ये भांडीकुंडी चढली. वैनी चढताना मला म्हणाली, "ताई, पत्रकं ऱ्हाऊ द्या थोडे दिस. तिला पेंड घाला."

मी घातली. रोज, उघडपणे, आईच्या समोर. त्यावरून आमची भांडणं झाली ती इथं लिहीत नाही, आई अजून वाचते. थंडीत गाईच्या बरगड्या झाकल्या आणि एका सकाळी माजावर येऊन तिनं हंबरून गोठा डोक्यावर घेतला. डॉक्टर येऊन रेतन करून गेले. गाय गाभण राहिल्याचं कळल्यावर मी फडावर फोन लावला. पलीकडं ऊस तोडल्याचा आवाज आणि वैनीचं एकच वाक्य, "व्यायच्या आधी पेंड बंद कोण करतंय ते बघते म्या."

पेंड बंद झाली नाही. पुढच्या नवरात्रात गाय व्याली, अडली नाही. पुन्हा कालवडच. वैनी धारेला बसली, कालवडीला पोटभर पाजलं, अर्धी चरवी काढली आणि उठली. तेवढ्यात बंगल्यावरचा गडी रिकामी चरवी घेऊन दारात. न बोलावता. मान असा असतो, तो स्वतः चालत येतो.

"न्हाई हाय," वैनी म्हणाली.

"आगं, सडात दिसतोय की."

"तो तिचा हाय."

"सायबाला काय सांगू मग?"

"सांगा, फ्लेक्सवरल्या गाईचा काढा."

आईनं कपाळावर हात मारला. आठ दिवस ती वैनीशी बोलली नाही. पुढाऱ्यांचा लाऊडस्पीकर आम्हाला पुन्हा मिळाला नाही, आणि त्यानं सभेचं फार बिघडलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे काहीतरी निमित्त काढून गोठ्याशी घुटमळत होतो. आईसुद्धा. वैनी दर घटकेला गाईचे कान धरून बघत होती. कान ऊन होते. गाय उभी होती, रवंथ करत, आमच्याकडे मख्ख बघत.

दिवाळीपर्यंत दूध चढत गेलं. मुकादम आला तेव्हा वैनी धारेवरच होती. त्यानं वही उघडली. गेल्या सालची दोघांची नावं त्यात होतीच.

"एक कोयता ना?"

"अर्धा," वैनी मान न वळवता म्हणाली. "ह्यांचा एकट्याचा लिहा."

"अर्ध्या कोयत्याचं काय करू म्या?"

दादा खाली बघत होता. मुकादमानं आईकडं पाहिलं. आई घमेल्यात पेंड कालवत राहिली. मुकादमानं वैनीचं नाव खोडलं.