सिद्धतेतल्या मधल्या ओळी

दुपारी मी स्टाफरूममध्ये गणिताचे पेपर तपासत होते. दहा जणांतून समिती किती प्रकारे निवडता येईल, या प्रश्नाचं उत्तर एकाने ‘साडेसात’ काढून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. अर्धा प्रकार कसा निवडतात, हे त्याला बोलावून विचारायचंही त्राण उरलं नव्हतं.

पुढचा प्रश्न सिद्धतेचा. विधान एकसाठी खरं दाखवायचं, मग कुठल्याशा एका संख्येसाठी खरं मानायचं आणि त्यावरून पुढच्या संख्येसाठी सिद्ध करायचं. दाखवायची पायरी सगळ्यांची सुबक. मानायची त्याहून सुबक. खरं काम सुरू होतं तिथे मात्र अक्षर बारीक होतं, दोन-तीन ओळी गिचमिड, आणि एकदम ठळक अक्षरांत ‘म्हणून सिद्ध झाले’.

“शेवटची ओळ आहे ना? मग द्या मार्क, मॅडम,” शेजारी तपासत बसलेले सर मान वर न करता म्हणाले.

त्या ओळीची मला चीड येते. पण मुलांना तरी काय बोलायचं? वर्षभराचं मधलं सगळं गिचमिड ठेवून, पोरं शिकली असं आम्हीही दरवर्षी ठळक अक्षरांत लिहून देतोच.

मग एका पेपरात, त्या गिचमिड ओळींच्याच जागी, स्वच्छ अक्षरात दिसलं: ‘इथून पुढे मला जमले नाही.’

अख्ख्या गठ्ठ्यात तेवढं एकच विधान निर्विवाद खरं होतं. मी नमुना उत्तर पुन्हा पाहिलं. या ओळीला मार्क नव्हते. आधीच्या दोन पायऱ्यांचे देऊन मी पुढचा पेपर ओढला. त्यात नेहमीसारखं सगळं सिद्ध झालेलं होतं.