बूच मारलेली नळी

"माझ्याशी बोला." हे म्हणताना अक्का काउंटरवर बोट आपटायच्या. धुळ्यातल्या माझ्या रबरी पाइपांच्या दुकानात त्या पुतण्याला घेऊन येत. गिऱ्हाईक त्या असत, पण माझा नोकर पुतण्याकडे बघून भाव सांगे. अशी बाई तुमच्याही ओळखीत असेल. लोक तिला तापट म्हणतात. अक्का तापट होत्याच. त्यांना कोण तापवतं, हे मात्र कुणी विचारत नसे.

अक्कांचे यजमान, कापडाचे व्यापारी असलेले शेठजी गेले आणि त्यांची जुनी विलायती गाडी मागे राहिली. दोन सीटची, बुटकी, शर्यतीच्या गाड्यांच्या जातीची. घरच्यांना ती विकायची होती. अक्का पदर खोचून ती स्वतः चालवायच्या, पार एरंडोलपर्यंत.

एकदा गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली. इंजिनच्या पोटात साठणारा धूर एका नळीतून परत आत ओढला जाऊन जळतो. ती नळी चिरली होती आणि चिरेतून बाहेरची हवा शिट्टी वाजवत आत शिरत होती.

"नळी मागवतो. तोवर गाडी काढू नका," मी म्हणालो.

"नाही काढत."

पण पारोळ्याला घरातलं लग्न निघालं, आणि नवरदेवाला त्याच गाडीतून मिरवायचं होतं. पुतण्याने मेकॅनिककडून नळीत बोल्ट ठोकून बूच मारून घेतलं. थरथर थांबली. अक्कांना सांगितलं, नवी नळी बसवली.

अक्का गाडी घेऊन निघाल्या. फागणे मागे पडलं आणि आत कोंडलेल्या धुराने इंजिनचं तेल अडवणारं सील फोडलं. तेल तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं, भडका उडाला. अक्कांनी गाडी कडेला घेतली आणि ओंजळीने माती टाकत आग विझवली. दोन्ही तळवे भाजले. मागच्या गाडीतून उतरलेला पुतण्या मोबाइलवर शूटिंग करत होता.

घरी बैठक बसली. अक्कांनी मला आणि मेकॅनिकला बोलावून घेतलं. कोंडलेल्या धुराने सील कसं फुटतं, ते मी सांगितलं. मेकॅनिक मान खाली घालून म्हणाला, "बोल्ट मीच ठोका. भाऊनी सांगेल व्हतं."

भाऊ म्हणजे पुतण्या. तो शांतपणे म्हणाला, "बोल्टचं राहू द्या. काकूंचं वय झालं, हा मुद्दा आहे."

"मुद्दा बोल्टच आहे," अक्का म्हणाल्या.

अक्कांच्या हातांना पट्ट्या होत्या, तेव्हाच घरच्यांनी चावी काढून घेतली. पुढे गाडीचं इंजिन काढून ती महामार्गावरच्या एका हॉटेलला देऊन टाकली. लोक तिच्यात बसून फोटो काढतात.

त्यानंतर अक्का फार जगल्या नाहीत. उठावण्याच्या शोकसभेला हॉल भरला होता. पुतण्याने माइक घेतला. "काकूंना गाडीची फार हौस. आम्ही त्यांना शेवटपर्यंत कधी अडवलं नाही."

"अडवलं," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

शेजारच्या माणसाने माझा गुडघा दाबला. "अहो, आज नको."

मी उभा राहिलो आणि पुन्हा तेच म्हणालो.