चुकीच्या स्पेलिंगची कामगिरी

माझे पप्पा नगरच्या एका मिशन शाळेत इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाल्यावरही त्यांच्या खिशात लाल पेन असायचं. लग्नपत्रिका आली की आधी स्पेलिंग तपासायची आणि मग कुणाचं लग्न आहे ते बघायचं, अशी त्यांची रीत. मी पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून परत आले आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, तेव्हा मी केलेल्या प्रत्येक पानाचे पहिले वाचक तेच झाले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ‘वेबसाईट’ हा शब्द नगरमध्ये ज्यांनी ऐकला होता, त्यांनाही ती नेमकी कुठं ठेवतात ते माहीत नव्हतं.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एमआयडीसीतले एक कारखानदार. मूळचे पारनेरकडचे. उसाचा रस काढायची यंत्रं बनवायचे. पुण्याच्या प्रदर्शनात त्यांना कुणीतरी वेबसाईटबद्दल सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ते आमच्या दारात उभे राहिले.

“ताई, आमाला बी एक वेबसाईट पायजे. पर लई झगमगीत करा बरं का.”

मी झगमगीत केली. वर गणपती, दोन्ही बाजूंना लुकलुकणाऱ्या पणत्या, खाली सरकत जाणारं ‘वेलकम’ आणि मध्ये यंत्राचा स्कॅन केलेला फोटो. त्याहून मोठा फोटो मालकांचा, कारण त्यांचा तसा आग्रह होता. पप्पांनी मजकुरातला प्रत्येक स्वल्पविराम तपासला. साईट चढली. मग एकेका सर्च इंजिनवर जाऊन ‘आमची साईट तुमच्या यादीत घ्या’ म्हणून मी अर्ज भरले.

काही आठवड्यांनी मालक बायको, मेहुणे आणि दोन कारागिरांना टेम्पोत घालून साईट बघायला आले. आईनं सगळ्यांना चहा केला. मोडेमनं नेहमीसारखी किंचाळून लाइन पकडली. मी कंपनीचं नाव टाइप केलं आणि साईट पहिल्याच ओळीत आली. मालकांच्या बायकोनं पडद्यावरच्या नवऱ्याला बघून तोंडाला पदर लावला.

“आता मी टाकतो,” मालक म्हणाले. “आपलं नाव ज्याला ठावं न्हाई त्यो काय टाकंल? ‘शुगरकेन ज्यूस मशीन’च टाकंल ना?”

एका बोटानं त्यांनी बराच वेळ अक्षरं शोधली. पडद्यावर कुठल्या कुठल्या साईट आल्या, पण आमची काही दिसेना. मेहुणे हळूच हसले.

“ताई, ह्यो काय आपल्याला वळखत न्हाई,” मालक म्हणाले. ते रागावले नव्हते, पण चेहरा उतरला होता. आईनं पुन्हा चहा टाकला.

ते गेल्यावर मी पडदा नीट पाहिला. मालकांनी शुगरमध्ये ‘ए’ऐवजी ‘ई’ घातला होता, ज्यूसमधला ‘आय’ खाल्ला होता आणि मशीन तर उच्चाराबरहुकूम, ‘एस एच’ घालून लिहिलं होतं. म्हटलं, जगात इंग्रजी नीट न येणारी माणसं काय थोडी आहेत? तीही यंत्रं घेतातच की. पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणारी अशी शब्दांसाठी एक जागा असते. सर्च इंजिन तेवढं ती वाचतं. तिथं बरोबर शब्दांबरोबर चुकीचेही घातले तर?

मी हे पप्पांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“माझ्या घरातून चुकीचं इंग्रजी बाहेर जाणार नाही.”

“पप्पा, ते कुणाला दिसणार नाही.”

“देवाला दिसतं.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, देवाला ते नगरचं इंग्रजी आहे हेही कळतं. सांगा पोरीला, मुलं काय काय चुका करायची ते.”

पप्पांनी जेवण उरकलं. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “लिही. ज्यूस. जे, यू, एस.” थोडा विचार करून पुढं म्हणाले, “शेवटी ‘ई’ लावणारेही होते. आणि एक मुलगा ‘जे’ऐवजी ‘झेड’ लिहायचा. आता तो तहसील कचेरीत आहे.”

मग ते थांबेनातच. उभ्या नोकरीत खोडलेल्या चुका त्यांना तोंडपाठ होत्या. प्रत्येक चुकीला एक चेहरा होता, कुणी कर्जतचा, कुणी कोपरगावचा. मशीनचं स्पेलिंग करताना एका मुलीनं मधे ‘के’ घातला होता, ते सांगताना पप्पांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. मी टाइप करत गेले. सुधारलेलं पान चढवलं आणि पुन्हा सगळीकडे अर्ज भरले.

उन्हाळा तोंडावर आला असताना एके दिवशी मेल आली. पूर्व आफ्रिकेतल्या बंदराच्या गावच्या एका व्यापाऱ्याची. त्याला समुद्रकिनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी रसाची यंत्रं हवी होती. त्यानं शुगरमध्ये ‘ई’ घातला होता आणि मशीनमध्ये ‘एस एच’. पप्पांनी मेल छापून घ्यायला लावली, वाचली आणि सवयीनं खिशातून लाल पेन काढलं. मग तसंच परत ठेवलं.

“माणूस सज्जन दिसतो,” ते म्हणाले.

पुढची सगळी उत्तरं पप्पांनीच लिहिली, शाळेच्या इन्स्पेक्टरला लिहावीत तशी अदबीची. मालक रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, “सर, काय म्हंतोय आपला पाव्हना?” पाहुण्याला तिथल्या विजेवर चालणारी मोटर हवी होती, चरकाचे दात गंजायला नको होते. सगळं ठरलं आणि यंत्रं तयार झाली.

ती निघाली त्या दिवशी मालकांनी आम्हा तिघांना कारखान्यावर बोलावलं. लाकडी खोकी टेम्पोत चढली होती. मालकांच्या बायकोनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग मालक पप्पांना म्हणाले, “सर, तुमी बी तुमची प्रार्थना म्हना. लांब जायाचंय मशीनला.” पप्पांनी डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली. कारागिरांनी टोप्या काढल्या आणि मेहुणे सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाले.

कारखान्यातल्याच एका चरकावर सगळ्यांसाठी रस काढला. पप्पांनी ग्लास संपवला, पुन्हा भरून घेतला आणि मला विचारलं, “तिकडे आलं मिळत असेल का गं? आल्याशिवाय याला काही अर्थ नाही.”

“मेलमध्ये विचारा की,” मी म्हटलं.

त्यांनी खरंच विचारलं. उत्तर आलं, आलं भरपूर मिळतं, लिंबूही मिळतं, सरांनी रस प्यायला जरूर यावं.