दारावरचा कॅमेरा
भिंतीत ड्रिल फिरलं आणि विटेच्या भुकटीचा करपट वास आला, की मला यवतमाळचं माझ्या सीनियर वकील मॅडमचं ऑफिस आठवतं. तिथं नवे फोन आणि कॅमेरा बसवायचा होता. कॅमेरेवाल्यानं दारावर भोक पाडलं आणि क्लॅरिटी दाखवायला स्वतःचा मोबाइल आमच्यापुढे धरला. ‘‘हे आर्णीच्या एका वकीलसाहेबाचं ऑफिस. लाइव्ह आहे. आवाजबी येते.’’ पडद्यावर एक बाई बाही सरकवून दंडावरचे वळ दाखवत होती. ‘‘घरच्या फोनवर नका करू साहेब, नवरा ऐकते,’’ ती म्हणाली, आणि ते आम्हाला स्वच्छ ऐकू आलं. मॅडमचा चेहरा उतरला. ‘‘वकीलसाहेबाले माहीत आहे का, तुम्ही पाहून राह्यले ते?’’ ‘‘पासवर्ड मीच टाकला ना, मॅडम. तुमचाबी माह्याजवळच राहीन, टेन्शन नका घेऊ.’’ तेवढ्यात त्या बाईनं मान वर करून छताजवळच्या कॅमेऱ्यात, थेट आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही मागे सरकलो. मॅडमनी त्याला शिडी उचलायला सांगितलं आणि लगेच आर्णीच्या त्या वकिलांना फोन लावला. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. कॅमेरा फक्त दाराबाहेर आहे, पासवर्ड माझाच आहे. तरी समोर कोणी बाई रडायला लागली, की मी आधी छताकडे पाहते.