बिल्ला न मिळालेली माणसं

आमच्या गल्लीच्या टोकाला जुन्या काळच्या एका मोठ्या नकाशाकाराचं घर आहे. लांबलांबून लोक ते बघायला येतात आणि आम्हाला वाट विचारतात. नऊ वर्षं मी वाट सांगत आले. स्वतः कधी उंबरा ओलांडला नव्हता.

घराची देखभाल करणाऱ्या बाई साठीला टेकल्यात. सव्वीस वर्षं तिथले जिने पुसतात, खोल्या दाखवतात, दारं लावतात. "आमच्या घरात पाय वाजवायचे नाहीत," असं बोलतात म्हणून सगळे त्यांना मालकीणबाई म्हणतात. नकाशाकाराच्या खऱ्या पणतूलाही त्यांनी एकदा बूट काढायला लावले होते.

आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या पितळी बिल्ला देतात, बाहेर पडताना परत घेतात. दाराशी फळीवर चाळीस खिळे आहेत. सगळ्या खिळ्यांवर बिल्ले आले की घर रिकामं. "डोळे फसवतात, खिळे नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या आठवड्यात नणंद राहायला आली आणि तिच्या हट्टापायी आम्ही गेलो. ती, मी आणि माझी सात वर्षांची लेक. मालकीणबाईंनी आम्हाला फाटकातच अडवलं, पण कौतुकानं. "उशिरा का होईना, आलात! तुम्हाला कसला बिल्ला? घरचीच माणसं."

मग आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. जुन्या लाकडाला धोका नको म्हणून तिथे वीज घेतलेली नाही. मधोमध चौकोनी मोकळी जागा, खाली थेट दिवाणखान्याची फरशी, आणि कठडा जेमतेम माझ्या गुडघ्याइतका. मी लेकीचं मनगट असं आवळलं की ती कळवळली. नणंद हसली, "वहिनी, घर बघायला आलात की पोरीला अटक करायला?"

मी ओशाळले आणि हात सोडला.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, म्हणून मी मागच्या अंगणात उतरले. बोलणं लांबलं. बाहेरूनच वळसा घालून गल्लीत आले तर नणंद एकटीच उभी.

"ती कुठाय?" मी विचारलं.

"तुमच्यामागे पळाली ना? मला वाटलं..."

पुढचं मी ऐकलं नाही. फाटकाशी पोचले तेव्हा मालकीणबाई कुलूप लावून निघाल्या होत्या.

"आत कुणी नाही हो. खिडक्या लावून आले. चाळीसच्या चाळीस..." त्या बोलता बोलता थांबल्या. "तुम्हाला मी बिल्ला दिलाच नव्हता."

कुलूप उघडून नणंदेला त्यांनी खालच्या खोल्या बघायला धाडलं आणि मला घेऊन जिन्याकडे वळल्या. खिडक्या बंद, वर मिट्ट काळोख. मी हाक मारायला तोंड उघडलं तर त्यांनी तळहात माझ्या ओठांवर दाबला.

"हाक नाही. आईचा आवाज आला की पोर सरळ आवाजाकडे धावतं. आणि मध्ये काय आहे, पाहिलंत ना?"

पाहिलं होतं. तेच तर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

मग त्यांनी विजेरी जमिनीकडे धरली आणि रोज पाहुण्यांशी बोलतात त्याच सुरात सुरुवात केली. "तर मंडळी, हा जिना सागवानी. पायऱ्या एकवीस. सावकाश या." एकेक पायरी चढत होत्या. मी त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "ही डावीकडची खोली, इथे साहेब वाचत बसायचे. पलीकडच्या खोलीत नकाशांचं टेबल. त्या टेबलाखाली साहेबांचं मांजर झोपायचं. आहे का हो आज मांजर?"

लाकूड कुठेतरी कुरकुरलं. माझ्या मनात ती खालच्या फरशीवर पडलेली होती. नणंद आता किंचाळेल, आता किंचाळेल, म्हणून कान तिकडेच लागले होते.

"आहे का मांजर?" त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच सुरात.

मोकळ्या जागेच्या पलीकडून बारीक आवाज आला. "मांजर नाहीये. मी आहे."

मी पुढे झेपावले. मालकीणबाईंनी दंड धरून मला भिंतीशी दाबलं. "मग मांजरासारखीच बसून राहा हं, बाळा. हलायचं नाही. पाहुणे तिकडेच येतायत."

भिंतीला पाठ घासत आम्ही वळसा घातला. आठ-दहा पावलंच असतील. टेबलाखाली ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मला दचकवायला लपली होती. खिडक्या बंद झाल्या, अंधार झाला आणि बाहेर यायची छाती झाली नाही. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती पुन्हा कळवळली. या वेळी मी सोडलं नाही.

आम्ही बाहेर आलो. मालकीणबाईंनी दार ओढून घेतलं आणि कुलूप हातात घेतलं. किल्ली भोकात जाईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती खाली पडली. आत इतका वेळ न कापलेला त्यांचा आवाज आता कापत होता.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही लावता का?"

लेकीला एका हातानं कवटाळून मी किल्ली फिरवली. त्या पायरीवर बसून राहिल्या.