तिसऱ्या खुर्चीवरचे उस्ताद

विमानतळावर उस्तादांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गेटसमोर खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या असल्या तरी हा माणूस खांबाला खांदा लावून उभा. पायाशी खाकी कॅनव्हासची पिशवी, हातात स्टाफचं तिकीट, नजर गेटच्या दारावर. एकदा मी म्हटलं, "उस्ताद, बसा की. अजून पाऊण तास आहे." तर म्हणाले, "बसलो की मनाले वाटते, जागा भेटली. दार बंद होईपर्यंत काहीच भेटलेलं नसते. मंग कायले बसाचं?"

विमान कंपनीत नोकरी केलेल्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. आम्हाला घरी जायला तिकीट मिळतं, पण त्यावर जागा नसते. पूर्ण तिकीटवाले सगळे बसले आणि खुर्च्या उरल्या, तर आमचा नंबर. तो नोकरीच्या वर्षांप्रमाणे. एकही खुर्ची उरली नाही, तर शेवटचा आसरा म्हणजे कॉकपिटमधली तिसरी खुर्ची. दोन वैमानिकांच्या मागची, घडीची, अंगभर पट्टे बांधायची. ती सगळ्यांना नाही. उस्तादांसारखे विमान तपासून सही करणारे इंजिनिअर आणि माझ्यासारखे उड्डाणाचा मार्ग, हवामान, इंधन ठरवणारे डिस्पॅचर, अशा मोजक्यांना. तेही कॅप्टन हो म्हणाला तर.

आमची ओळख बंगळूरच्या हँगरमागच्या कँटीनमध्ये झाली. मी नवीन होते. पाठीमागून आवाज आला, "काहून बे, अजून पाइप जोडून राह्यला तू? सकाळी काय झोपला होता?" बंगळुरात ही भाषा ऐकून मी चहा हातात घेऊनच वळले. पांढऱ्या होत आलेल्या दाढीचा एक उंच माणूस फोनवर कोणाला तरी झापत होता. फोन संपल्यावर मी विचारलं, "यवतमाळकडचे का?"

"उमरखेड. तू?"

"नेर."

"हौ का! मंग आपली वाट यवतमाळपर्यंत एकच हाय," ते म्हणाले आणि चहावाल्याला ओरडून सांगितलं, "नेर के लिए एक समोसा."

त्या दिवसापासून मी नेर झाले. उस्ताद कोणालाच नावाने हाक मारत नसत. भोपाळ, कोची, पाटणा, जो ज्या गावचा ते त्याचं नाव. त्यांचं स्वतःचं नावही कागदापुरतंच होतं. वडिलांचं उमरखेडला ऑइल इंजिन आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, तिथे लहानपणी हात काळे केले आणि तिथून विमानापर्यंत आले, म्हणून सगळे उस्ताद म्हणत. लग्न केलं नव्हतं. उमरखेडला विधवा बहीण आणि तिचा मुलगा. दर महिन्याला चार दिवस सुटी जोडायची आणि त्यांच्याकडे जायचं.

कॉकपिटमध्ये कसं बसायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. कामासाठी त्या खुर्चीवर मी आधीही बसले होते, पण कामावर बसणं वेगळं आणि घरी जायला बसणं वेगळं. "आपण पाहुणे, ते बी न बोलावलेले," ते म्हणत. दहा हजार फुटांपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा तर नियमच आहे. पण त्यानंतरही कॅप्टन बोलला तरच बोलायचं. वासाचं काही खायचं नाही. त्याच्या कामात आपला सल्ला घालायचा नाही. उतरताना आभार एकदा मानायचे, दोनदा नाही. उमरखेडची हळद ते परतताना आणत, माझ्यासाठी, कँटीनवाल्यासाठी. कॅप्टनला मात्र कधी चिमूटभर दिली नाही. "देल्ली की मंग ते देणंघेणं झालं. पुढच्या खेपेले त्याले नाही म्हणता येत नाही बिचाऱ्याले."

एक गोष्ट ते मुकाट्याने करत. ही मी कॅप्टनांकडून ऐकली. नागपूरच्या वाटेवर पैनगंगा दिसली की उस्ताद शर्टाचं गळ्याचं बटण लावत. नदीच्या पलीकडे आपला जिल्हा सुरू होतो. घरात शिरताना माणूस कपडे नीट करतो, तसं. एका कॅप्टनने मला सांगितलं, उस्ताद मागे असले की मला नकाशा बघावा लागत नाही.

आणि त्यांचा सगळ्यांत पक्का नियम होता, गेटवर आपलं कारण सांगायचं नाही. दुसऱ्याला विचारायचं नाही. "यादीत उभ्या असलेल्या हर माणसाच्या घरी काही ना काही हाय. कोणाची माय बिमार, कोणाचं लेकरू. एकानं सांगितलं की दुसऱ्यानं बी सांगा लागते. मंग तराजू घेऊन बसा, कोणाचं दुःख भारी. यादी हाय ना? यादीनं चालाचं." मला हे एकदम पटलं. रडून जागा मिळवणारे लोक मी पाहिले होते, आणि मला ते आवडत नसत.

एका वर्षी मे महिन्यात बाबा आजारी पडले. ते नेरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना गायीचा पाय दाखवायला नेत. छातीत दुखलं म्हणून दादाने यवतमाळला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे दादाचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात, बोलावून घ्या. बाबा शुद्धीवर आहेत. तुला विचारून राह्यले."

मी गेटवर पोचले तेव्हा उस्ताद खांबाला टेकून उभे होते. सुट्यांचे दिवस, विमान गच्च. विकत घ्यायला तिकीट नव्हतं, हैदराबादमार्गेही नव्हतं. माझं सगळं फोनवर पाहून झालं होतं. यादीत स्टाफचे सहा जण. त्यांत तिसऱ्या खुर्चीची परवानगी असलेले दोघेच. पहिले उस्ताद, दुसरी मी.

"काय नेर, आज दोघंच आपण," ते म्हणाले. "तोंड काहून उतरलं? नाश्ता केला नाही का?"

"केला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला एक वाक्य बोलायचं होतं. बाबा जात आहेत, जागा मला द्या. ओठांपर्यंत आलं होतं ते. पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गेटवरच्या मुलीने सांगितलं, आत एकही खुर्ची नाही, कॉकपिटमध्ये एक. उस्तादांनी पिशवी उचलली. "दुपारचं विमान मोकळं राहते," असं मला म्हणाले आणि गेले. दार बंद झालं.

सकाळच्या विमानाने मी दीडपर्यंत यवतमाळला पोचले असते. वेळेचे हिशेब हेच माझं काम, त्यामुळे हा मी कितीदा केला ते सांगत नाही. बाबा दोन वाजून दहा मिनिटांनी गेले. दादाचा फोन आला तेव्हा मी त्याच गेटवर, त्याच खांबाजवळ उभी होते. दुपारच्या विमानात खरंच जागा होती. खिडकीजवळची.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या नेरच्या घरासमोर मांडव होता. भंतेजींचं झालं, जेवणं चालली होती, तेव्हा मला फाटकात खाकी पिशवी दिसली. उस्ताद रजा संपवून बंगळूरला परतले होते, तिथे कँटीनमध्ये त्यांना कळलं, आणि पुन्हा रजा टाकून ते उलट पावली आले होते. आई म्हणाली, "बसा नं भाऊ." ते म्हणाले, "बसतो, ताई." आणि उभेच राहिले.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्हीच म्हणता, सांगायचं नाही."

दादाने त्यांच्या हातात चहा दिला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. उस्तादांनी त्याला विचारलं, "शेवटी काही बोलले का ते?" दादा सरळ माणूस. म्हणाला, "हौ. आली का, आली का, एवढंच विचारत होते."

उस्तादांनी कप मांडवाच्या खांबाशी खाली ठेवला.

"घरची मोटर जळली होती, नेर," ते मला म्हणाले. "बोअरची. वाइंडिंग करा लागत होतं. दुसऱ्याच्या हातचं मले चालत नाही म्हणून गेलतो मी. पाण्याच्या मोटरसाठी."

"तुम्ही यादीत पहिले होता," मी म्हटलं. हे मी त्यांच्या समाधानासाठी म्हटलं नाही. खरं होतं म्हणून म्हटलं.

"यादी गेली खड्ड्यात," उस्ताद म्हणाले. बाबांच्या फोटोसमोर जाऊन त्यांनी हात जोडले, आईला सलाम केला आणि न जेवता यवतमाळची बस धरली.

मला राग होता का? होता. वर्षभर तरी होता. त्यांच्यावर किती आणि माझ्यावर किती, हे मी वेगळं करत बसले नाही. काम सुरू होतं. त्यांच्या सहीचं विमान माझ्या कागदावर येत होतं, माझा कागद कॅप्टनकडे जात होता. आम्ही त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.

पण उस्ताद गेटवर बदलले. खांब तोच, उभं राहणं तेच, पण आता ते यादीतल्या एकेकासमोर जाऊन उभे राहत. "ए भोपाळ, घर पे सब ठीक? क्यों जा रही?" "ए कोची, माँ कैसी है?" लोक आधी बिचकले. मग सांगू लागले. ज्याचं कारण मोठं त्याला उस्ताद आपला नंबर देऊन टाकत आणि पुढच्या विमानाची वाट बघत तिथेच उभे राहत. माझ्याकडे येऊन दर वेळी विचारत, "नेर, काहून चालली?" मी म्हणायची, "आईला भेटायला." "तब्येत?" "ठीक आहे." "खरं बोलून राह्यली ना?" मग कुठे ते सरकत.

एकदा एका तरुण इंजिनिअरने आजी वारल्याचं सांगून त्यांची जागा घेतली. चार दिवसांनी त्याचे फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले, मित्राच्या वरातीत नाचताना. मी उस्तादांना फोटो दाखवला. "बघा, कसं बनवलं तुम्हाला."

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "नाचते मात्र चांगला," म्हणाले. मग फोन परत देत म्हणाले, "बनवू दे. बनवलेलं चालते मले. मी विचारलं नाही, असं नको व्हायले पुन्हा."

निवृत्त होऊन ते उमरखेडला गेले. वडिलांचं गॅरेज उघडलं. वर्षातून एकदोनदा फोन यायचा, त्यात पहिलं वाक्य, "जेवली का?" गेल्या वर्षी सकाळी साडेपाचला त्यांच्या भाच्याचा फोन आला. "बाजी, मामू गेले. रात्री झोपेतच. असरच्या नमाजनंतर माती हाय."

असरची नमाज म्हणजे साधारण पाच. साडेआठचं विमान, साडेदहाला नागपूर, तिथून वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड. गाडी चांगली मिळाली तर चारपर्यंत. जमत होतं. फक्त सकाळच्याच विमानात जागा हवी होती.

गेटवर मी यादीत दुसरी. हल्ली परवानगीच्या यादीत आमच्याकडे इतर कंपन्यांतून आलेले अनुभवी वैमानिकही असतात आणि त्यांची वर्षं माझ्याहून जास्त भरतात. पहिला असाच एक वैमानिक, सुटीवर निघालेला. कानात इअरफोन. आत खुर्ची नव्हती, कॉकपिटमध्ये एक होती. तो पिशवी उचलू लागला. मी या नोकरीत तोवर कोणाकडे काही मागितलेलं नव्हतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने एक कान मोकळा केला.

"माझे उस्ताद गेले," मी त्याला हिंदीत सांगितलं. "आज संध्याकाळी माती आहे. गाव नागपूरपासून पाच तास. तुम्ही कशासाठी चालला आहात?"

तो गोंधळला. "दोस्त के यहाँ," म्हणाला. "वैसे ही." मग बाजूला झाला. "आप जाइए, मॅडम."

मी आभार एकदाच मानले.

पैनगंगा आली तेव्हा मला ओळखू आली नाही. मे महिना होता, वाळूचा एक पट्टा फक्त दिसत होता. कॅप्टननेच मान न वळवता सांगितलं, "उस्तादांची नदी." मी ओढणी नीट केली.

उमरखेडला पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. अंगणात माणसं दाटली होती. बायकांनी मला आत नेलं. चेहरा पाहिला. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. त्यांना आडवं झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. भिंतीच्या खुंटीला खाकी पिशवी होती.

त्यांना घेऊन गेल्यावर अंगण रिकामं झालं. मी पायरीवर बसून राहिले. कब्रस्तानातून परतल्यावर भाचा माझ्यापाशी येऊन बसला. डोळे सुजलेले होते. म्हणाला, "एवढ्या दुरून आल्या, बाजी. विमानात जागा कशी भेटली?"

"मागून घेतली," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग परतलेल्या लोकांना हातपाय धुवायला पाणी हवं म्हणून उठला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. बोअरची मोटर घरघरली. "मामूनंच वाइंडिंग केली हिची," तो म्हणाला. "बंगळूरहून खास आले होते. अशाच उन्हाळ्यात. आले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बांधून टाकली. तेव्हापासून एकदा बी जळली नाही. आज मामूच्या आंघोळीचं पाणी बी हिचंच."

पाइपातून आधी हवा आली, मग पाणी. मी उठले, चपला बाजूला काढल्या आणि ओंजळ धरली. धार जोराची होती.